डिजिटल ध्वनिमुद्रण आणि ‘डिदर’ : कानाला फरक कळतो का?

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत, इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या निमित्ताने आपल्या ग्रंथालयाने ध्वनिमुद्रिकांचे कपाट उघडावयाचे ठरविले आहे. त्या कपाटात बालगंधर्वांच्या, मास्टर दीनानाथांच्या आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आहेत, काही लाँग प्ले आहेत, आणि सभासदांच्या घरांतून भेटीदाखल आलेल्या खासगी मैफलींच्या स्पूल-फिती व कॅसेट्स आहेत. हे सारे डिजिटल स्वरूपात उतरवून घ्यावे याबद्दल दुमत नाही. दुमत आहे ते कसे उतरवावे याबद्दल. त्या चर्चेत ‘डिदर’ हा शब्द वारंवार आला. एका पक्षाचे म्हणणे असे की, हा संस्कार केला नाही तर मुद्रणातला प्राण जातो. दुसऱ्या पक्षाला ही यंत्रविक्रेत्यांची हूल वाटते. फरक कोणाच्याही कानाला कळत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. आलेल्या दरपत्रकांपैकी एकात तर या एका संस्कारासाठी दर तबकडीमागे वेगळी रक्कम लावलेली आहे. तेव्हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा राहिलेला नाही, वर्गणीदारांच्या पैशाचाही आहे.

मी मराठीचा अध्यापक. विषय माझ्याकडे आला तो जुन्या ध्वनिमुद्रिका जमविण्याच्या नादामुळे. सवयीप्रमाणे आधी शब्दाकडे पाहतो. इंग्रजीतील या शब्दाचा मूळ अर्थ थरथरणे, डळमळणे. मराठीत त्याला ‘कंप’ किंवा ‘आंदोलन’ म्हणता आले असते. परंतु हे दोन्ही शब्द आपल्या संगीतशास्त्राने आधीच घेऊन ठेवले आहेत. दरबारीतला गांधार आंदोलित असतो, आणि त्याचा या यांत्रिक थरथरीशी काडीचा संबंध नाही. म्हणून ‘डिदर’ हाच शब्द ठेवतो. कल्पना मात्र आपल्याला अगदी परिचयाची आहे. जुन्या तराजूचा काटा गंजामुळे अडकला की वाणी त्याला बोटाने हलकी टिचकी मारतो. टिचकीने वजन वाढत नाही की घटत नाही. अडकलेला काटा खऱ्या वजनावर येतो, इतकेच.

डिजिटल ध्वनिमुद्रणात काटा अडकतो कोठे? ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. मायक्रोफोन त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो, आणि यंत्र त्या चढउताराची ठरावीक वेळाने मोजणी करून आकडे लिहून ठेवते. १९८२ साली जपानात प्रथम विक्रीस आलेल्या सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते आणि प्रत्येक आकडा १६ बिटांत लिहिला जातो. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या बसतात. मोजलेले मूल्य दोन पायऱ्यांच्या मध्ये पडले, आणि ते बहुधा मध्येच पडते, तर यंत्र ते जवळच्या पायरीवर ढकलते. ही जी ढकलाढकल, तिच्यातून एक चूक जन्मते. आवाज मोठा असेल तर हजारो पायऱ्यांच्या चढउतारात अर्ध्या पायरीची चूक कोण विचारतो? परंतु तंबोऱ्याचा झंकार विरत विरत दोन-तीन पायऱ्यांएवढा उरतो तेव्हा मुळातल्या गोलसर लाटेच्या जागी दोन-तीन ठोकळे लिहिले जातात. त्याहून खाली, अर्ध्या पायरीच्या आत लाट आली की यंत्र शून्य लिहिते. तंबोरा वाजत असतो. कागदावर मात्र काहीच नसते.

याला उपाय आहे, आणि तो प्रथमदर्शनी उफराटा वाटतो: मोजणीपूर्वी ध्वनीत थोडा निरर्थक गोंगाट मुद्दाम मिसळावयाचा. दूषण मिसळून शुद्धी कशी होईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर दुकानाच्या गल्ल्यातून देतो.

पंचवीस पैशांचे नाणे २०११ च्या जूनअखेर चलनातून गेले, आणि त्याच्याही आधीपासून दुकानदार बिलाची रक्कम पुऱ्या रुपयांत करीत आले आहेत. समजा बिल १० रुपये ३० पैशांचे झाले. दुकानदार नेमाने १० रुपये घेतो. अशी शंभर बिले झाली तर त्याचे प्रत्येक वेळी ३० पैसे बुडाले, आणि हिशेबाच्या वहीत त्या ३० पैशांचा मागमूसही उरला नाही. आता दुसरा दुकानदार पाहा. त्याच्याजवळ शंभर चिठ्ठ्यांची पिशवी आहे. चिठ्ठ्यांवर उणे ५० पासून अधिक ४९ पर्यंत पैशांचे आकडे आहेत. बिल झाले की तो डोळे मिटून एक चिठ्ठी काढतो, तो आकडा बिलात मिळवतो आणि मग रक्कम पुऱ्या रुपयांत करतो. पन्नास पैसे वा अधिक झाले तर वरचा रुपया, एरवी खालचा. चिठ्ठी अधिक २० ते अधिक ४९ यांपैकी निघाली तर गिऱ्हाईक ११ रुपये देईल. अशा चिठ्ठ्या शंभरात ३० आहेत. म्हणजे सरासरीने ३० गिऱ्हाइके ११ रुपये देतील, ७० गिऱ्हाइके १०. आणि सरासरी येईल नेमकी १० रुपये ३० पैसे! एकेक बिल चुकीचे आहे, किंबहुना पहिल्या दुकानापेक्षा अधिक लहरीपणाने चुकीचे आहे. परंतु वहीत ते ३० पैसे शाबूत आहेत. सेकंदाला ४४,१०० बिले फाडणाऱ्या दुकानात सरासरी हाच खरा हिशेब, आणि आपला कान ती सरासरी काढण्यात तरबेज आहे.

चिठ्ठ्यांच्या या युक्तीत एक उणीव राहते. बिल बरोबर १० रुपयांचे असेल तर कोणतीही चिठ्ठी निघो, गिऱ्हाईक १० रुपयेच देते. साडेदहाचे असेल तर निम्मे वर, निम्मे खाली. म्हणजे लहरीपणाचे प्रमाण बिलाप्रमाणे कमीजास्त होते. ध्वनीत याचा परिणाम असा की, पार्श्वभूमीचा सूक्ष्म फुसफुसाट सुराबरोबर चढतो-उतरतो, श्वास घेतल्यासारखा. म्हणून एकाऐवजी दोन चिठ्ठ्या काढून त्यांची बेरीज मिळवतात. मग लहरीपणाही सर्व बिलांना सारखा होतो. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅन्ले लिपशिट्झ यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, डिदरमुळे सर्वांत खालच्या पायरीच्याही खालचा ध्वनी टिकून राहतो हे साधार मांडले. कल्पना त्यापूर्वीची आहे. लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६१ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये लिहिलेल्या प्रबंधात दूरचित्रवाणीच्या चित्रासाठी ती वापरली होती. हेच रॉबर्ट्स पुढे आर्पानेटच्या, म्हणजे आजच्या इंटरनेटच्या पूर्वजाच्या, उभारणीत अग्रभागी होते.

आता कानाने ऐकू. तंबोऱ्याचा एकच झंकार मी तीन प्रकारे तयार करून आणला आहे. पहिल्या दोन प्रकारांत मुद्दाम केवळ ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्याच ठेवल्या आहेत. आधी डिदरविना.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले.)

सुरुवातीस तंबोरा ठीक वाटतो. तो विरू लागला की त्याला एक खरबरीत कड येते, जणू जवारीत वाळूचे कण अडकले आहेत. ही खरखर सुराला चिकटलेली असते, सुराबरोबर तिचा रंग बदलतो. आणि शेवटी तंबोरा विरत नाही, तुटतो. आता तेच, डिदरसह.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले.)

येथे फुसफुसाट स्पष्ट आहे, पहिल्यापेक्षा अधिकच आहे. परंतु तो एकसारखा आहे, दूरवर पाऊस पडत असावा तसा, आणि त्या पावसाच्या मागे तंबोरा शेवटपर्यंत विरत जातो. गोंगाटाच्या खाली गेलेला सूरही काही काळ ऐकू येतो, कारण कान सगळा ध्वनी एकत्र तोलत नाही. तो वेगवेगळ्या स्वरपट्ट्यांत विभागून ऐकतो. गोंगाट सर्व पट्ट्यांत पसरलेला असतो आणि सूर एका पट्टीत एकवटलेला. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचे कुजबुजणे आपल्याला कळते ते थोडेफार याच बळावर.

सभागृहातील प्रतिक्रियेवरून दिसते की, हा फरक सर्वांना कळला. म्हणजे ‘डिदरने फरक पडत नाही’ हे विधान सरसकट खरे नाही. आता तिसरा प्रकार. हाच झंकार १६ बिटांत, एकदा डिदरविना आणि एकदा डिदरसह. क्रम सांगत नाही.

(येथे ध्वनिमुद्रण ऐकविण्यात आले.)

कोणता कोणता हे सांगावयास कोणी पुढे येत नाही. मलाही ऐकून सांगता येत नाही. मी फायलीचे नाव वाचून सांगतो. यात कानाचा कमीपणा नाही, आकड्यांचा हिशेब आहे. एकेका बिटामागे सुमारे ६ डेसिबेल मिळतात. ८ बिटांत ४८, १६ बिटांत ९६. दोन चिठ्ठ्यांचा डिदर मिसळला की गोंगाट पावणेपाच डेसिबेलने वाढतो, आणि तरीही सीडीवर सर्वांत मोठ्या सुरापासून तो सुमारे ९३ डेसिबेल खाली राहतो. घरी आपण मैफलीइतक्या मोठ्याने लावले आणि गायकाची तार सप्तकातील पुकार ९५ डेसिबेलला पोचली असे धरले, तर हा गोंगाट उरतो २ डेसिबेल. रात्रीची शांत खोलीदेखील ३० डेसिबेलच्या घरात असते. मे महिन्यात इंदुरातल्या घरात पंखा चालू असताना काय असेल, हे वेगळे सांगावयास नको.

याविषयी प्रयोगही झाले आहेत. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान या दोघा अमेरिकनांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. सीडीहून वरच्या दर्जाचे मुद्रण एकदा जसेच्या तसे, आणि एकदा १६ बिट ४४,१०० च्या दारातून काढून ऐकविले. श्रोत्याला कोणते चालू आहे हे माहीत नव्हते. एकूण ५५४ वेळा उत्तरे घेतली. त्यांपैकी २७६ बरोबर आली. नाणे उडविले असते तरी साधारण तेवढीच आली असती. परंतु शांत खोलीत आवाज नेहमीपेक्षा पुष्कळ वाढविला तेव्हा १६ बिटांचा तळचा गोंगाट ऐकू आला, हेही त्यांनी नोंदविले आहे. त्यांनी निवडलेल्या काही मुद्रणांवर पुढे आक्षेप घेतले गेले, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. तथापि रोजच्या ऐकण्यापुरते या निष्कर्षाला बाधा येईल असे मला वाटत नाही.

येथे एक वारंवार ऐकू येणारा युक्तिवाद घेतो. ‘आमचा कान तयार आहे, आम्हांला श्रुतीचा फरक कळतो, मग हा कसा कळणार नाही?’ मारव्यातला कोमल ऋषभ किंचित कमी लागला तर तो ज्याला खटकतो त्याच्या कानाला माझा नमस्कार आहे. पण ते कसब सुराच्या उंचीचे आहे. पंख्याच्या आवाजाखाली तीस डेसिबेल दडलेला ध्वनी ऐकण्याचे कसब रियाजाने येत नाही. शिवाय कोणते चालू आहे हे माहीत असताना ऐकलेला फरक पुष्कळदा डोळ्यांनी ऐकलेला असतो.

मग डिदर करूच नये काय? करावा; पण कोठे, हे कळले पाहिजे. आणि येथेच आपल्या कपाटाचा प्रश्न उलटा वळण घेतो.

अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी घ्या. तिच्या सुईखालची खरखर मोठ्या सुरापासून फार तर ४० डेसिबेल खाली असते. सोळा बिटांच्या मापात याचा अर्थ असा की, ती खरखर तीनशेहून अधिक पायऱ्या उंच उसळते. डिदरला हवी असते एकदोन पायऱ्यांची थरथर. तीनशे पायऱ्यांची थरथर जेथे लाखेतूनच येते आहे, तेथे आणखी एका पायरीची मिसळून काय साधणार? काटा अडकतच नाही. दुकानात सारखी धावपळ चालू आहे आणि तराजू आपसूकच हलतो आहे. कॅसेटचे तेच, मैफलींच्या स्पूल-फितींचे तेच. स्टुडिओतल्या उत्तम फितीचा फुसफुसाटही १६ बिटांच्या मापात काही पायऱ्या भरतो. पहिल्यावहिल्या सीडी ‘कोरड्या’ वाटत अशी तक्रार आजही होते. परंतु फितीवरून काढलेल्या सीडीबाबत तरी तिचे खापर डिदरच्या अभावावर फोडता येणार नाही. उतरवून घेताना २४ बिट वापरले, तर पायऱ्या एक कोटी सदुसष्ट लाखांहून अधिक होतात, आणि उत्तमोत्तम यंत्राच्या स्वतःच्या विजेचा गोंगाटही त्यांतल्या पुष्कळ पायऱ्या व्यापतो. म्हणून तबकडीवरून उतरवून घेण्याच्या टप्प्यावर डिदरसाठी वेगळे पैसे मागणारे दरपत्रक परत पाठवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिदरची खरी गरज लागते ती नंतर, आणि तीही एका विशिष्ट कारणाने. सभासदांना द्यावयाच्या प्रतीसाठी कोणीतरी संगणकावर खरखर पुसतो, शेवट हळूहळू विरवत नेतो आणि मग २४ बिटांवरून १६ बिटांवर आणतो. खरखर पुसली म्हणजे तबकडीची आपसूक थरथर गेली. आता तो विरता शेवट स्वच्छ आहे, आणि स्वच्छ असल्यामुळेच पायऱ्यांवर ठेचकाळणार आहे. तेथे डिदर हवा: सगळ्यांत शेवटी, आणि एकदाच. प्रत्येक टप्प्याला १६ बिटांत उतरवत गेलो तर दर वेळी नवी चूक, नाहीतर नवा गोंगाट जमत जातो. यासाठी लागणारी सोय ध्वनिसंपादनाच्या बहुतेक सर्व सॉफ्टवेअरमध्ये असतेच. खर्च शून्य, वेळ एका टिचकीचा.

फरक ऐकू येत नाही असे मीच दाखविले; मग एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण संग्रह आणि श्रवण या दोन गोष्टींतल्या भेदात आहे. आज ऐकणारा नेहमीच्या आवाजात ऐकतो. पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक खाँसाहेबांनी ख्याल संपविल्यावर साथीदाराला हळूच काय सांगितले, हे ऐकण्यासाठी तेवढाच तुकडा शंभर पट मोठा करील. त्या वेळी त्याला एकसारख्या फुसफुसाटामागे शब्द मिळावेत. ठोकळे मिळू नयेत. ऐकण्यापुरता पहिला पक्ष चुकतो, जतनापुरता दुसरा. आणि दोघांच्या वादात अधिक मोठ्या गोष्टी मागे पडत आहेत, याची मला चिंता वाटते.

त्या गोष्टी अशा की ज्यांचा फरक कोणालाही, पंखा चालू असताना, ऐकू येईल. जुन्या तबकडीची खाच लाँग प्लेच्या खाचेहून जवळजवळ तिप्पट रुंद असते. लाँग प्लेची सुई तीत लावली तर ती तळाच्या धुळीत घासत जाते. मुद्रणाचा वेग सर्वत्र काटेकोर अठ्ठ्याहत्तर नव्हता. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की अख्खा अर्धस्वर बदलतो, गायकाची पट्टी चुकते आणि आवाजाचे वयसुद्धा बदलल्यासारखे वाटते. तबकड्या धुवाव्या लागतात, पण लाखेच्या तबकड्या स्पिरिटने पुसू नयेत. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आणि खरखर पुसण्याच्या हौसेत बालगंधर्वांच्या आवाजातली वरची झिलई पुसली जाते, ती कोणताही डिदर परत आणीत नाही. म्हणून मूळ प्रतीवर असला कोणताही संस्कार करू नये. ध्वनी व दृक्श्राव्य संग्रहांची ‘इयासा’ ही आंतरराष्ट्रीय संघटना जतनप्रतीसाठी किमान २४ बिट आणि सेकंदाला ४८,००० नमुने सुचविते, शक्य तर ९६,०००. आपण ९६,००० घ्यावेत. साठवणुकीची जागा स्वस्त झाली आहे. सुया, तबकडी फिरविणारी चांगली यंत्रे आणि ती चालविणारे हात महाग होत आहेत. वाचलेले पैसे तिकडे जावेत.

कार्यकारिणीपुढे मी एवढेच ठेवतो. आता थोडा वेळ पंखे बंद करावेत, अशी विनंती आहे. अमीर खाँसाहेबांचा मारवा आहे. लाँग प्लेवरून २४ बिटांत उतरविलेला, मग १६ बिटांवर आणलेला, शेवटी एकदा डिदर केलेला. सुरुवातीचे तंबोरे जरा हळू आहेत.